लहानपणापासून खाल्लेला फणस आता घशाला का खाजतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात परत मांडते. तुम्ही मूळचे राजापूरकडचे, वय ३७, गेली आठ वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला. तिथे गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून मार्च-एप्रिल आला की शिंका, डोळे लाल, नाक वाहतं. मग सफरचंद खाल्लं की ओठांना आणि टाळ्याला खाज, पुढे कच्चं गाजर, हेझलनट. तिकडच्या डॉक्टरांनी तपासून बर्च झाडाच्या परागकणांची ॲलर्जी सांगितली. आणि गेल्या मे महिन्यात गावी आलात, अंगणात फणस फोडला, पाच-सहा गरे खाल्ले आणि "अळू नीट शिजलं नसलं की खाजतं तसं" तोंड खाजायला लागलं, वरचा ओठ सुजला, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटलं, पाऊण तासात उतरलं. आई म्हणते फणस उष्ण, बाधला. काका म्हणतात परदेशात राहून पोट नाजूक झालं. तुमचं म्हणणं, कोकणात बर्चचं एक झाड नाही मग त्याचा आमच्या फणसाशी काय संबंध, आणि आता आंबा, काजू, सगळंच सोडायचं का.

मी गेली तेवीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात प्रॅक्टिस करते, दमा आणि ॲलर्जीचे पेशंट जास्त. तुमच्यासारखे पेशंट मला बरोबर मे महिन्यात भेटतात, कारण तेव्हाच बाहेरची मंडळी सुट्टीला येतात आणि तेव्हाच फणस पिकतो. त्यामुळे यावर सविस्तर लिहिते.

आधी एक. बर्चचा आणि फणसाचा संबंध आहे का हा प्रश्न तुलनेने सोपा आहे, आहे संबंध. तुमच्यासाठी खरा प्रश्न हा की कुठल्या गोष्टी तुमच्या फक्त तोंडाला खाजवतील आणि कुठल्या तुम्हाला हॉस्पिटलात नेऊ शकतात. या दोन याद्या वेगळ्या आहेत आणि लोक दोन्ही एकत्र करून एकतर सगळंच सोडून देतात नाहीतर सगळंच अंगावर काढतात. दोन्ही चूक. आणि हेही आधीच सांगते की तुम्हाला न तपासता "तुम्ही हे खा" असं मी इथून सांगू शकत नाही, तुम्हाला दमा आहे का, किती प्रमाणात खाता, कुठल्या गोळ्या चालू आहेत, यावर बरंच बदलतं. मी विचार कसा करते ते सांगते.

बर्च म्हणजे आपल्याला अगदीच परकं झाड नाही हो. आपण ज्याला भूर्ज म्हणतो, ज्याच्या सालीवर, भूर्जपत्रावर, जुन्या पोथ्या लिहिलेल्या सापडतात, तो हिमालयात उंचावर वाढणारा बर्चच. पण युरोपातला बर्च वेगळ्या जातीचा, आणि उत्तर आणि मध्य युरोपात तो रस्त्याकडेला, बागांमधे, जंगलात सगळीकडे आहे. त्याचे लोंबते तुरे साधारण मार्चअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत पराग सोडतात, वाऱ्यावर, आणि इतके की गाड्यांवर पिवळी पूड बसते. आपल्याकडे जन्मलेला माणूस तिथे गेला की लगेच काही होत नाही, काही हंगाम तो पराग श्वासातून आत जातो आणि मग ज्यांची प्रकृती तशी असते त्यांचं शरीर त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची अँटिबॉडी बनवायला लागतं. म्हणून तुमचं पहिली दोन-तीन वर्षं काही झालं नाही. मोठ्या वयात ॲलर्जी होत नाही हा गैरसमज आहे, आणि बर्चच्या बाबतीत मी पाहिलेले बहुतेक लोक तिशीतलेच.

आता त्या परागात शरीर नेमकं कशाला विरोध करतं? बहुतेकांच्या बाबतीत एकाच प्रोटीनला, त्याला बेट व्ही १ म्हणतात. व्हिएन्नातल्या संशोधकांनी १९८९ साली या प्रोटीनचा जीन वाचला तेव्हा दिसलं की वाटाण्याचं रोप रोगाशी लढताना जे प्रोटीन बनवतं त्याच्याशी हे खूप जुळतंय. म्हणजे हे झाडांचं स्वतःचं संरक्षण करणाऱ्या प्रोटीनांचं मोठं घराणं आहे आणि ते एका बर्चपुरतं नाही. सफरचंदात आहे, चेरीत, पीचमधे, नासपतीत, गाजरात, सेलरीत, हेझलनटमधे, सोयाबीनमधे, शेंगदाण्यात, मुगात. आणि फणसात. २००४ साली युरोपात हे प्रसिद्धही झालं की फणसाची ॲलर्जी बर्चच्या याच प्रोटीनशी जोडलेली असू शकते. अंजीर आणि तुती हे फणसाचेच भाऊबंद, त्यांच्याबद्दलही बर्चवाल्या पेशंटमधे हेच दिसलेलं आहे, तेव्हा तिकडे ताजं अंजीर खाताना तोंड खाजलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

पेशंटना मी असं सांगते. वाडीतला कुत्रा एकदा एखाद्या माणसावर भुंकायला शिकला की त्या माणसाच्या भावावरही भुंकतो, कारण चाल तीच, अंगाचा वास तोच. तुमचं शरीर जर्मनीत बर्चवर भुंकायला शिकलं. आता अंगणातला फणस, जो तीस वर्षं तुमचाच होता, तो त्याला त्या बर्चचा भाऊ दिसतोय. फणस बदललेला नाही, पोटही नाजूक झालेलं नाही. आईंना वाईट वाटत असेल तर हे सांगा त्यांना, खरंच, कारण माझ्याकडे आलेल्या बऱ्याच आयांना आपण काहीतरी चुकीचं खाऊ घातलं असं वाटत असतं.

यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल ती म्हणजे वेळ. बर्चची ॲलर्जी असलेल्यांचं तोंड खाजणं हंगामात आणि हंगाम संपल्यासंपल्या जास्त असतं, कारण त्या आयजीईला नुकताच जोर आलेला असतो. तिकडचा एप्रिल नाकातोंडात भरून तुम्ही विमानात बसता आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात इकडे पहिला फणस फोडता. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. माझ्या एका पेशंटला मे महिन्यात दोन गऱ्यांनी ओठ सुजत होता आणि तोच पेशंट एका वर्षी डिसेंबरमधे आला तेव्हा कच्चं गाजर जे त्याला एप्रिलमधे तोंडात धरवत नव्हतं ते आरामात खाऊन गेला. फणसाचं दुर्दैव की तो डिसेंबरात मिळत नाही.

मी स्वतः हे कसं शिकले तेही सांगते कारण त्यात माझी चूक होती. बऱ्याच वर्षांपूर्वी डेन्मार्कमधे राहणारी एक बाई आईला सोबत घेऊन आली, फणस खाल्ला की आपलं तोंड सुजतं म्हणून. फणस म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं आलं ते लॅटेक्स. रबराच्या चिकाची ॲलर्जी असलेल्यांना केळं, पपई, ॲव्होकॅडो, कधीकधी फणसही चालत नाही. मी तिला रबरी हातमोजे, फुगे, सगळं बंद करायला सांगितलं आणि पुढच्या वर्षी ती तशीच परत आली. लॅटेक्सची तपासणी केली तर ती स्वच्छ. मग गप्पांत कळलं की एप्रिलमधे तिकडे नाक गळतं, सफरचंद सोललं तरी बोटं खाजतात. तेव्हापासून युरोपातून आलेल्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारते, तिकडे एप्रिलमधे नाक वाहतं का. तुम्ही मात्र लॅटेक्सबद्दल तुमच्या डॉक्टरांना एकदा विचाराच, विशेषतः फुगा फुगवताना किंवा दाताच्या डॉक्टरच्या हातमोज्याने ओठ कधी सुजला असेल तर.

आता खाण्याचं. या घराण्यातलं प्रोटीन नाजूक असतं. उष्णतेने त्याची घडी मोडते आणि शरीराला ते ओळखू येत नाही, आणि पोटातल्या आम्लानेही ते लवकर पचून जातं. म्हणूनच त्रास बहुधा तोंडापुरता राहतो, गिळलं की संपलं, आणि म्हणूनच कच्चं सफरचंद खाजतं आणि सफरचंदाचा केक खाजत नाही. हे सूत्र फणसाला लावून बघा. झाडावर पिकलेला, न शिजवलेला गरा, कापा (कडक गऱ्याचा) असो वा बरका (मऊ, रसाळ), हा तुमच्यासाठी त्रासाचा. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी नीट शिजलेली असते, ती बहुतेकांना चालते. सांदणं, म्हणजे बरक्याचा रस आणि तांदळाचा रवा वाफवलेला, तीही माझ्या पेशंटमधे बहुतेकांना चालली आहेत. तळलेले गरे चालतात. उकडलेल्या आठळ्या बहुतेकांनी खाल्ल्या आहेत, पण आठळी ही बी आहे आणि बियांमधली प्रोटीनं वेगळी असतात, तेव्हा तिथे मी जरा सावकाश जायला सांगते. आणि फणसपोळी? इथे लोक फसतात. ती उन्हात वाळवलेली असते, शिजलेली नसते. काही घरांत रस आधी आटवून घेतात, काही घरांत नुसताच ताटाला तेल लावून पसरतात. उन्हात वाळणं म्हणजे शिजणं नव्हे, आणि वाळल्यामुळे थोड्याशा तुकड्यात भरपूर रस येतो. फणसपोळी मी पहिल्या फेरीत देत नाही.

फणसाबद्दल मला सफरचंदापेक्षा जास्त काळजी वाटते, त्याचं कारण साधं आहे. एक सफरचंद खाणारा माणूस पहिल्या दोन घासांत थांबतो. फणस फोडला की आजूबाजूला दहा माणसं, हाताला तेल, गप्पा, आणि कुणी एक गरा खात नाही, दहा-पंधरा जातात. तोंड खाजत असतानाही आग्रहाने खाल्लं जातं. प्रमाण वाढलं की तोंडापुरतं राहणारं दुखणं अंगभर होऊ शकतं. तुम्हाला घशात अडकल्यासारखं वाटलं, ते मला पाच-सहा गऱ्यांनंतरचं लक्षण म्हणून आवडलेलं नाही. म्हणून तपासणी होईपर्यंत पिकलेला, न शिजवलेला गरा बंद, एकसुद्धा नको, हे माझं स्पष्ट मत.

प्रमाणासारख्याच आणखी काही गोष्टी साध्या खाजेला मोठं करतात. उपाशीपोटी खाणं. खाऊन लगेच पळणं, पोहणं, डोंगर चढणं. दारू. अंगदुखीच्या गोळ्या, आयबुप्रोफेन वगैरे. आणि ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्या, ज्या लोक सहा-सहा महिने घेतात, त्या पोटातलं आम्ल कमी करतात आणि मघाशी म्हटलं ते आम्लच तुम्हाला वाचवत असतं. ज्यूस आणि स्मूदीपण याच यादीत, कारण चावावं लागत नाही, तोंड सावध करायच्या आत पेलाभर पोटात गेलेलं असतं.

यातलं सगळ्यात धोक्याचं उदाहरण सोयाचं आहे आणि ते तुम्ही विचारलेलं नाही म्हणून मुद्दाम सांगते. सोया सॉसने किंवा शिजलेल्या सोया वड्यांनी बहुतेक बर्चवाल्यांना काही होत नाही, पण सोया दूध आणि सोया प्रोटीनच्या पावडरी यांनी गंभीर रिॲक्शन आलेल्या आहेत. माझ्याकडचा एक जण म्युनिकला नोकरीला, सकाळी उपाशीपोटी सोया प्रोटीनचा शेक पिऊन धावायला गेला आणि अर्ध्या तासात अंगभर गांधी, चक्कर, रस्त्यात बसला. बर्चची ॲलर्जी त्याला माहीत होती, सोयाशी ती जोडलेली असू शकते हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही जिमला जात असाल तर डब्यावर काय लिहिलंय ते वाचा.

मुगाचं पण सांगते. शिजवलेलं वरण, मुगाची उसळ याने सहसा काही होत नाही. मोड आलेले कच्चे मूग, जे आपण कोशिंबिरीत घालतो किंवा डाएट म्हणून वाटीभर खातो, त्याने बर्चवाल्यांचं तोंड खाजू शकतं. सासूबाईंनी प्रेमाने वाटीभर मोड पुढे केले तर फोडणीला टाकून, चांगले शिजवून घ्यायला सांगा.

आता कोकणातल्या बाकीच्या खाजऱ्या गोष्टी, कारण तुम्ही अळूची उपमा दिलीत आणि तिथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. अळू आणि सुरण खाजतं ते त्यातल्या सुईसारख्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या कणांमुळे, ते तुम्हालाही खाजेल, मलाही, शेजाऱ्यालाही. चिंच, आमसूल घालून नीट शिजवलं की जातं. अननसाने जीभ चरचरते तेही सगळ्यांचीच. काजूच्या बोंडाने घसा धरतो तो तुरटपणा आहे. यातलं काहीच ॲलर्जी नाही. ॲलर्जीची खूण ही की पंगतीतल्या दहाजणांनी तोच फणस खाल्ला आणि एकालाच झालं, आणि त्या एकाला दरवेळी होतं, आणि काही मिनिटांतच होतं.

आंब्याचा चीक ओठाला लागून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतात, कातडं निघतं, हे तिसरंच प्रकरण. आंबा, काजू आणि बिबा एका कुटुंबातले, त्यांच्या चिकात, कवचातल्या तेलात असलेल्या द्रव्यांनी त्वचेला उशिरा येणारी ॲलर्जी होते, बिबा उततो ना, तोच प्रकार सौम्य रूपात. काजूच्या कारखान्यात बी फोडणाऱ्या बायकांचे हात मी पाहते ते याच कारणाने. याचा बर्चशी काही संबंध नाही. आंबा नीट धुवून, देठाकडचा चीक काढून, साल दाताला न लावता कापून खाल्ला की बहुतेकांचं भागतं. आंब्याच्या गरातही बर्चशी मिळतीजुळती प्रोटीनं असल्याचं दाखवलेलं आहे, पण माझ्या बर्चवाल्या पेशंटनी हापूस बहुधा सोसला आहे. तुम्ही लिहिलंय की गेल्या मे मध्ये आंबे खाल्ले आणि काही झालं नाही. मग सोडू नका. जे खाऊन काही होत नाही ते केवळ भीतीने किंवा कागदावर पॉझिटिव्ह आलंय म्हणून सोडायचं नाही, हे मी प्रत्येकाला सांगते.

काजूगर वेगळा. काजू, शेंगदाणा, हेझलनट यांच्यात बर्चच्या घराण्यातलं नाजूक प्रोटीन असू शकतं पण त्याशिवाय बीमधे साठवणीची प्रोटीनं असतात, दणकट, भाजून तळून काही न होणारी, आणि गंभीर रिॲक्शन बहुतेक वेळा त्यांनी येतात. म्हणजे एखाद्याला हेझलनटने नुसतं तोंड खाजतं तो बर्चमुळे, आणि दुसऱ्याला त्याच हेझलनटने श्वास अडकतो तो या दुसऱ्या प्रोटीनमुळे, आणि बाहेरून पहिल्या वेळी दोघं सारखेच दिसू शकतात. इथे अंदाजाने चालत नाही, रक्त तपासावं लागतं. आणि "शिजवलं की सुटतं" हा नियम कोळंबी, खेकडा, कुर्ल्या यांना तर अजिबात लावू नका, त्यांचं प्रोटीन उकळूनही तसंच राहतं. ते बर्चशी नाही तर घरातल्या धुळीतल्या किड्यांशी जोडलेलं असतं, आणि आपल्या दमट हवेत ते किडे भरपूर, पण तो आजचा विषय नाही. बर्फ नीट न लावलेल्या बांगड्याने तोंड लाल होतं, डोकं ठणकतं तेही ॲलर्जी नव्हे, शिळ्या माशात तयार झालेलं हिस्टामिन असतं ते, आणि ते ताटावर बसलेल्या सगळ्यांनाच होतं.

तपासणीचं. तुम्ही जर्मनीत आहात तर तिकडेच करून घ्या, तिथे बर्च हे रोजचं काम आहे त्यांचं. नुसतं "बर्च पॉझिटिव्ह" पुरेसं नाही, घटकवार तपासणी, म्हणजे एकेका प्रोटीनची वेगळी, मागा. बेट व्ही १, सोयासाठी ग्लाय एम ४, शेंगदाण्यासाठी आरा एच २, हेझलनटसाठी कोर ए ९ आणि कोर ए १४, काजूसाठी आना ओ ३. पहिली दोन वर असतील आणि बाकीची खाली, तर चित्र बर्चचं आहे. बाकीच्यांपैकी एखादं वर आलं तर तो दाणा डॉक्टर सांगेपर्यंत बंद आणि तुमची औषधाची पिशवी वेगळी बनते. फणसाचा तयार अर्क भरवशाचा नसतो, कारण बाटलीतल्या अर्कात हे नाजूक प्रोटीन टिकत नाही, म्हणून आम्ही ताज्या गऱ्यात सुई टोचून तीच हातावर टोचतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांधी किती आली बघतो. हे दवाखान्यातच, जवळ औषधं ठेवून, घरी कुणी प्रयोग करू नये. टेस्टच्या आधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद लागतात, त्या कधी बंद करायच्या ते डॉक्टरांना विचारून करा. आणि शंभर-दोनशे पदार्थांचं आयजीजीचं, म्हणजे आयजीईहून वेगळ्या अँटिबॉडीचं, जे पॅकेज विकतात ते करू नका. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे एवढंच.

ता. क. सारखं एक मधेच, कारण इथले वाचक विचारतील. कोकणातून कधीही बाहेर न गेलेल्या माणसाच्या रिपोर्टमधेही "बर्च" पॉझिटिव्ह येतो कधीकधी. त्याला बर्चची ॲलर्जी असतेच असं नाही. जवळपास सगळ्या परागांत असणारं प्रोफिलिन नावाचं प्रोटीन किंवा वनस्पतींच्या प्रोटीनांना चिकटलेल्या साखरेच्या साखळ्या, यांच्यामुळे गवताची ॲलर्जी असलेला माणूसही बर्चला पॉझिटिव्ह दिसतो. अशा वेळी रिपोर्टपेक्षा माणसाला विचारावं.

औषधांचं थोडक्यात. तोंडापुरती खाज असेल तर थांबा, थुंका, पाण्याने चुळा भरा, नेहमीची झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी घ्या. हंगामात नाकातला स्प्रे नीट वापरा. शरीराला बर्चची सवय लावणारी इंजेक्शनं किंवा जिभेखालच्या गोळ्या, साधारण तीन वर्षांचा कोर्स, नाकाला चांगला फायदा देतात. खाण्याला देतातच असं नाही, काहींना सफरचंद जमायला लागतं, काहींना काडीचा फरक पडत नाही, तेव्हा फक्त फणसासाठी तो कोर्स करू नका. सफरचंद फारच आवडत असेल तर सांताना नावाची जात शोधा, ती बऱ्याच जणांना कमी त्रास देते, गोल्डन डिलिशस मात्र जास्त. कायमचं कोकणात परत आलात तर कमी होईल का, हेही विचारलंय तुम्ही. काहींचं हळूहळू कमी होतं, काहींचं तसंच राहतं, आधी सांगता येत नाही.

आता हे नीट वाचा, घरच्यांनाही वाचून दाखवा. खाल्ल्यावर आवाज बसला किंवा बदलला, गिळता येईना, श्वास लागला, छातीत घरघर, अंगभर गांधी, उलट्या, पोटात मुरडा, चक्कर, यातलं काहीही झालं तर ते तोंडापुरतं राहिलेलं नाही. बर्चमुळे येणाऱ्या खाण्याच्या ॲलर्जीत इतकं गंभीर शंभरात एक-दोघांनाच होतं, पण तो एक तुम्ही असू शकता. अशा वेळी गोळी, सरबत, आमसुलाचं पाणी यात वेळ घालवायचा नाही. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पाय वर करून आडवं, उभं करून चालवत न्यायचं नाही, दम लागत असेल तर टेकून बसवा, आणि १०८ ला फोन. पाच ते पंधरा मिनिटांत आराम नाही तर दुसरा डोस. तुमच्या डॉक्टरांना सगळी हकीकत सांगा, घशातल्या लक्षणासकट, आणि ॲड्रेनालिनचं पेन लागेल का विचारा. त्यांनी दिलं तर दोन पेनं घेऊन या, आपल्याकडच्या मेडिकलमधे ती सहज मिळत नाहीत. गावापासून तालुक्याच्या दवाखान्याला पावसाळी रस्त्याने किती वेळ लागतो हे मला सांगायला नको. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ॲड्रेनालिन आहे का, रात्री कोण असतं, एवढं विचारून ठेवा. बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर तेही सांगा, ॲड्रेनालिन नीट लागू पडत नाही त्याने.

तुम्ही शेवटी लिहिलंय की आईने विचारलंय, यंदा आलास की मग करू तरी काय. तपासणीत दमा नाही, दाण्यांची गंभीर ॲलर्जी नाही असं निघालं आणि तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं, तर सांदणं करायला सांगा. रस रव्यात मिसळल्यावर नेहमीसारखी वाटीत वाफवायची, पण पाच-दहा मिनिटं जास्त, मधला भाग कच्चट राहता कामा नये. पहिल्या दिवशी जेवणानंतर, भरल्या पोटी, अर्धं सांदण, आणि पुढचे दोन तास घरीच. फणस फोडायचं काम त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी द्या, तुमच्या बोटांना रस लागून ते डोळ्याला जायला नको. आणि घाई करून लगेच मेच्या पहिल्या आठवड्यात येऊ नका, जमलं तर शेवटच्या आठवड्यात या, तिकडचा बर्च संपून तीन-चार आठवडे झालेले असतील आणि बरके तेव्हाही असतात. रिपोर्ट आले की आकडे इथेच लिहा, बघून सांगते.